काठावरची चकाकी

प्रिय चिमणे,

तुझी छायाचित्रं आली त्या दिवशी आमच्या ह्यांनी जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना गाठून सांगितलं, "हिच्या विद्यार्थिनीनं हायड्रोजन दाबून त्याचा धातू केला!" वर मला टोमणा, "इतकी वर्षं मी तुझ्या दाबाखाली आहे, माझा कसा धातू झाला नाही गं?"

मी हसले, पण छायाचित्रं पुन्हा काढून बसले. तू पहिल्यांदा प्रयोगशाळेत आलीस तेव्हा विचारलं होतंस, "बाई, हिऱ्यांच्या या एवढ्याशा टोकांत पृथ्वीच्या पोटातला दाब मावतो?" मावतो, म्हटलं. पण दोन हिऱ्यांच्या मध्ये धातूची पातळ चकती असते, तिच्या भोकात आपला वायू. तेव्हा हिऱ्यांइतकंच चकतीवर लक्ष ठेव. पुढे किती हिरे तडकवलेस! दर वेळी रडायचीस, आणि नाक पुसून पुन्हा स्क्रू आवळायला बसायचीस. ही पोरगी माझ्या पुढे जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

म्हणून तुझी छायाचित्रं डोळ्यांत तेल घालून पाहिली. दाब मध्यभागी सर्वांत जास्त. वायूचा धातू व्हायचा तर तिथून सुरुवात हवी. तू धातूची म्हणतेस ती चकाकी मात्र काठाकडून आत सरकते आहे. फोनवर शंका बोलून दाखवली, तर तू म्हणालीस, "बाई, संचालक म्हणतात, सत्कार होऊ दे, मग बघू."

मग बघू? कोणी बघायचं? तुझ्या शब्दावर विसंबून जी पोरं उमेदीची वर्षं या कामाला वाहतील, त्यांनी? चुकलीस त्याचा मला राग नाही. अशा चुका करतच आपण शिकलो. पण शंका कळल्यावर हार घालून घ्यायला मान पुढे करायची, हे मी तुला शिकवलेलं नाही!

काल माझी जुनी हिऱ्यांची जोडी काढली आणि वायू न भरताच चकती दाबली. भोक मिटलं, आणि हुबेहूब तीच चकाकी दिसली. तुझा वायू कधीच निसटला, पोरी. चमकते आहे ती चकती.

शुक्रवारच्या सत्कारात तुझ्या गौरवाचं भाषण माझ्याकडे आहे, आणि हे पत्र त्यासाठीच. अध्यक्षांना सांगून तुझं बोलणं माझ्या आधी लावून घेतलं आहे. तू गप्प बसलीस तर चकतीचं मी सांगेन. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हे तुला ठाऊक आहे. तू सांगितलंस, तर तुझ्या कौतुकाचं जे भाषण लिहून ठेवलं आहे, त्यातला एक शब्दही मी गाळणार नाही.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
बाई