उन्हाची पन्हळ

३ फेब्रुवारी
चि. चिमीस, अ. आ.
वि. वि. आजही तुझ्या वहिनीने डोळे पुसत अंडी फेकली. वरच्या औषध कारखान्याचं पाणी ओढ्यात उतरल्यापासून आपल्या माशांची अंडी पांढरी पडतात, एकही पिल्लू निघत नाही. अंडी घालायच्या दोनच माद्या उरल्यात. त्यांचीही अंडी गेली तर हौद बुजवून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. लहानपणी माझं शेपूट होतीस, आता मी तुझं झालोय. काहीतरी कर गं.
लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझा दादा

९ फेब्रुवारी
ती. दादास, सा. न.
वि. वि. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांच्या हातापाया पडून काचेची पन्हळ पाठवते आहे. तिच्या तळाला डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा थर आहे. ऊन पडलं की तो पाण्यातल्या औषधांचे तुकडे करतो. ओढ्याचं पाणी तिच्यातून हळूहळू फिरव, मगच हौदात घे. नमुने धाडत राहा. इथे जमलंय, तिथे जमेल का, या विचाराने माझाच जीव टांगणीला लागलाय. तू वेळेवर जेव, वहिनीला छळू नकोस.
माया असू दे.
तुझी चिमी

२० फेब्रुवारी
ती. दादास, सा. न.
नमुन्यांत औषध जसंच्या तसं आहे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. साहेब पन्हळ न्यायला माणूस पाठवणार आहेत. मला काही सुचत नाही रे. तू ती कशी मांडलीस, ते बारीकसारीक लिही.
चिमी

२३ फेब्रुवारी
चि. चिमीस, अ. आ.
सगळं तू सांगितलंस तसंच केलंय. पन्हळ अंगणात आहे, पाणी संथ. वर दुहेरी गोणपाट घातलंय. अंड्यांच्या पाण्याला ऊन लागू द्यायचं नाही, हे अप्पांनी कान पिळून शिकवलंय, ते कसं विसरेन? काल एका मादीने अंडी घातली, तीही पांढरी पडू लागलीत. आता एकच उरली. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.
दादा

२५ फेब्रुवारी
दादा,
आधी ते गोणपाट काढ, मग पुढचं वाच. सावली अंड्यांना हवी. पन्हळीतल्या पाण्याला ऊनच हवं. मीही त्याच हौदांवर वाढले, तरी हे माझ्या ध्यानात आलं नाही. साहेब मात्र ऐकत नाहीत, पुढच्या महिन्यात माणूस येणारच आहे.
चिमी

१८ मार्च
चि. चिमीस, अ. आ.
गोणपाट ओढून काढलं. शेवटच्या मादीची अंडी उन्हातून आलेल्या पाण्यात ठेवली. बरीच गेली. उरलेल्यांत काळे टिपके दिसतायत, पिल्लांचे डोळे. तुझी वहिनी म्हणते, ती आपल्याकडेच बघतायत.
काल साहेबांचा माणूस आला. वहिनी पन्हळीला पाठ लावून बसली, उठेचना. मी त्याला हौदापाशी नेलं. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि रिकाम्या हाताने परत गेला.
आमची आठवण ठेव.
तुझा दादा