चौकाखालची पाटी

मुंबई, ४ जानेवारी २०१६

ती. जिवलीमावशीस,
दक्षाचा शि. सा. न.

नर्सिंग कॉलेजला काल सुट्टी होती, म्हणून एका गल्लीतल्या चित्रांच्या म्युझियममध्ये गेले. आत चिटपाखरू नव्हतं. आणि समोर काय, लग्नघरच्या भिंतीवर तू लिहितेस तो वारली चौक! कापडावर तांदळाच्या पिठाने लिहिलेला, काचेत. मधे पालघट देवी, कोपऱ्यात ताडाखाली ते तीन पायांचं कुत्रं, लहानपणी आपल्या भिंतीवर होतं ते. खाली पाटी, 'कलाकार अज्ञात'. माझं डोकंच फिरलं. लग्नाखेरीज आपण देवीवरचा पडदा काढत नाही, इथे ती उघडी कशी? मी काचेवर ओढणी टाकली. शिपाई ओरडत आला. तिथल्या साहेबांना म्हटलं, अज्ञात कशी, माझी मावशी उधव्याला धडधाकट आहे. ते म्हणाले, अशा चित्रांना नाव नसतंच, असेल तर पुरावा आणा.

काय आणू, सांग. रागावलेली,
दक्षा

उधवा, १३ जानेवारी

चि. दक्षास अ. उ. आ.

ओढणी टाकलीस ते बेस केलंस! कापड अठरा वर्षांमागे एका पाहुण्याने मागून नेलं. त्याने नाव विचारलं, तर मीच हसले. चौक देवीचा, त्यावर आपलं नाव कशाला? कुणी लिहिला ते अख्ख्या पाड्याला ठाऊक असतं. मुंबईला नसतं, हे या येडीच्या ध्यानात आलं नाही. पुरावा म्हणजे माझा हात. सोबत कागदावर चौक लिहून धाडते. घाल त्यांच्या पुढ्यात. आणि जेवत जा, काडी झालीयस म्हणे.

तुझी मावशी

मुंबई, ६ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न.

जिंकलो! साहेबांनी दोन्ही चौक भिंग लावून ताडून पाहिले. सोमवारी नवी पाटी लागणार, 'जिवली, उधवा, ता. तलासरी'. कुत्रं तेवढं कागदावर नव्हतं. घाईत विसरली असेल म्हणून वेळ मारून नेली. आता पेढे तुझ्याकडून.

तुझी लाडकी,
दक्षा

उधवा, १५ फेब्रुवारी

चि. दक्षास अ. उ. आ.

ती पाटी काढायला सांग. कुत्रं मी विसरले नाही. ते माझ्या हातचं नाहीच. चौक काय एकटी बाई लिहिते? माझ्या शेजारी तुझी आई बायजी बसली होती, तू तिच्या पाठीला बांधलेली. आपलं लंगडं कुत्रं तिचं लाडकं, म्हणून प्रत्येक चौकात लिहायची. ती गेली तेव्हा तू चार वर्षांची, तुला कसं आठवणार? मीही कधी सांगितलं नाही, चुकलंच माझं. पोरी, तू काचेत ओळखलास तो तुझ्या आईचा हात.

साहेबांना म्हणावं, पाटीवर आधी बायजी, मग जिवली. ऐकत नसतील तर मी पीठ घेऊन येते. तोवर रोज जाऊन ओढणी टाक.

तुझ्या दोन आयांतली उरलेली,
जिवली