रविवारी संध्याकाळी उघडं असलेलं दार

प्रिय फाब्रिस,

आम्ही अजून तुझ्याकडे पोहोचलो नाही, हे तुला कळलंच आहे. काल दिवसभर तुझे फोन येत होते. मी मुद्दामच उचलले नाहीत. आई बरी आहे, गाडी बरी आहे. मी मात्र इतकी दमले आहे, की तुझ्यावर धड रागवायचंही त्राण उरलेलं नाही. बूर्ज शहराच्या खाली मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक लहानसं गाव आहे. तिथल्या ‘पांढरा घोडा’ नावाच्या हॉटेलात आम्ही रविवारपासून मुक्काम ठोकला आहे. मी अंगणात झाडाखाली बसून लिहिते आहे. आत स्वयंपाकघरात आई मालकीणबाईंबरोबर फरसबीच्या शिरा काढते आहे. तिचा आवाज इथवर येतो आहे, आणि विषय अर्थातच तू आहेस.

निघायच्या आदल्या दिवशी तू फोनवर जे सांगितलंस, ते घेऊनच मी गाडीत बसले. तुझ्या बायकोला, कोरीनला, जमणार नाही, घर लहान पडेल; पण समुद्राजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक छान निवास आहे, बाग आहे, खोली पक्की केली आहे, आईला आत्ता काही बोलू नकोस, आली की दाखवू, तिला आवडेलच. तू एका दमात सांगून मोकळा झालास. आणि आई माझ्या शेजारी बसून तुझ्या घरातल्या ‘तिच्या’ खोलीला कुठल्या रंगाचे पडदे शोभतील ते मला विचारत होती. पॅरिसचा वळसा संपेपर्यंत निळ्याचे पिवळे झाले आणि पिवळ्याचे पुन्हा निळे. मी नुसती हूं हूं करत होते. गाडी चालवून माणूस एवढा दमत नाही रे, जेवढा हूं हूं करून दमतो.

तू म्हणशील, मग तूच ठेव की तिला. बाबा गेल्यापासून मीच ठेवलं ना? माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आता तिला न्हाणीतून बाहेर काढताना तिच्याआधी माझीच कंबर धरते. मला यापुढे जमणार नाही, हे मी तुला स्पष्ट सांगितलं होतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. तेव्हा ‘मी नेतो’ असं तू आपणहून म्हणालास. आईने ते शेजारणीला सांगितलं, पाववाल्याला सांगितलं, पाद्रीबाबांनाही सांगितलं.

आता रविवारचं ऐक. आईला चर्चमधली रविवारची प्रार्थना चुकवायची नव्हती, म्हणून आम्ही उशिरा निघालो. एका दिवसात तुझ्या बेझिएला पोहोचणं शक्यच नव्हतं. तू सुचवलेल्या महामार्गालगतच्या हॉटेलात मी तिला नेलं. तिथे माणूस नाही, दाराशी यंत्र. आईने ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “आकडे दाबून दार उघडायचं? मी काय तिजोरीत झोपायला आलेय? चल इथून.” मी म्हटलं, अगं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. तर म्हणे, “मी रात्रीत मेले तर सकाळी कुणाला कळेल, त्या डबड्याला?” झालं. आम्ही पुन्हा रस्त्यावर.

मग तिने बाबांची पद्धत काढली. आठवतं ना, बाबा ट्रकमधून बीट वाहायचे तेव्हा सांगायचे, ज्या खानावळीसमोर ट्रक जास्त, तिथलं जेवण चांगलं. आई खिडकीला नाक लावून बसली. एकेक गाव येई, एकेक हॉटेल येई, ही म्हणे, “एकही ट्रक नाही. पुढे चल.” असं करत किती गावं मागे टाकली देव जाणे. रविवारी ट्रकना रस्त्यावर यायला बंदी असते, हे जन्मभर ट्रकवाल्याच्या घरात राहिलेल्या आम्हा दोघींच्याही डोक्यात येऊ नये! आलं तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती. रविवारी संध्याकाळी आपल्याकडे कुठलं स्वयंपाकघर चालू असतं, तेही तुला माहीत आहे. सगळीकडे दारं-खिडक्यांच्या झडपा लावलेल्या. आई गप्प झाली. ती गप्प झाली की मला धडकी भरते.

इथलं दार उघडं होतं, ते घरची माणसं जेवायला बसली होती म्हणून. मालकीण जोझियान, तिचा नवरा आणि सासरे अमेदे. हातातला रुमाल न ठेवताच ती उठली आणि म्हणाली, “खोली आहे, पण स्वयंपाक आज बंद, उद्याही बंद.” मी तोंड उघडणार तोवर आई माझ्या बाजूने आत शिरली, मोकळी खुर्ची ओढली आणि सासऱ्यांशेजारी बसली. “बंदच असू दे,” म्हणाली, “तुम्ही जेवताय तेच वाढा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जोझियानने माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे, तिने दोन वाडगे आणले आणि सूपचं भांडंच आमच्यासमोर सरकवलं.

त्या म्हाताऱ्याने सूप संपत आल्यावर तळाशी उरलेल्यात लाल वाईन ओतली आणि वाडगा तोंडाला लावला. आई म्हणाली, “शी! हे काय माणसाचं खाणं?” तो मिशा पुसत म्हणाला, “बाई, उत्तरेकडच्या दिसता. तुम्हाला काय कळणार.” दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आईने पिशवीतून तिचं मारवाल काढलं. वाटभर त्या चीजच्या वासाने मी गाडीच्या काचा खाली ठेवून आले होते. तिने पावावर थापून ते चिकोरीच्या कॉफीत बुडवलं, तसा म्हातारा खुर्चीसकट मागे सरकला. “सूनबाई, गटार तुंबलंय का बघ गं!” आई हसली. फाब्रिस, किती दिवसांनी हसली म्हणून सांगू. पाव हातातून खाली पडेपर्यंत हसली.

काल त्या नाश्त्यानंतर लगेच निघायचं ठरलं होतं. मी बॅगा खाली आणत होते. आई जोझियानला काहीतरी विचारत होती, म्हणून मी जिन्यातच थांबले. ती विचारत होती, “मी घोरते का हो? भिंतीपलीकडे ऐकू जातं का? खरं सांगा.” जोझियान म्हणाली, नाही हो, काही ऐकू आलं नाही. मग आई म्हणाली, “मी रात्री उठते, ते दिवा न लावता जायची सवय करतेय. मुलाकडे राहायला चाललेय ना. सून कामाला जाते, तिची झोप मोडायला नको.” आणि आपला कप स्वतः विसळून तिने पालथा घातला. मी बॅगा घेऊन तशीच वर गेले, पलंगावर बसले आणि रडले. खाली येऊन जोझियानला म्हटलं, खोली आणखी काही दिवस लागेल. तिने किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

माझं भांडण त्या निवासाशी नाही. तिथे बाग असेल, डॉक्टर असेल, तिच्या वयाची माणसं असतील, कदाचित तिला करमेलही. तुझं घर लहान आहे, हेही मला मान्य आहे. पण बॅग हातात घेऊन परक्या दाराशी उभं राहिल्यावर तिला हे कळावं, आणि तिथवर तिला मी हूं हूं करत पोहोचवावं, हे माझ्याच्याने होणार नाही. मी प्रयत्न केला, अर्धा फ्रान्स उतरून आले. आता पुढे नाही.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. हे पत्र दुपारच्या टपालाने जाईल. शनिवारी तू इकडे ये, एकटा. आमच्या शेजारची खोली तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे. घर लहान आहे, कोरीनला जमत नाही, तुला काय वाटतं, जे असेल ते तू आईच्या समोर बसून, तिच्या तोंडावर सांगायचं. ती रडेल, चिडेल, तुला दोन शब्द सुनावेल. किंवा काहीच बोलणार नाही, त्याचीच मला जास्त भीती आहे. त्यानंतर ती जे म्हणेल ते आपण दोघांनी ऐकायचं. मी तिचा हात धरून शेजारी बसेन. बोलायचं मात्र तू.

तुझीच, अजून तरी तुझीच,
ओदील