कापताना नाव बरोबर होतं

पवनी, ३ जुलै १९७८
रिफंड नाही. पोस्टमननं आज लांबूनच हात हलवला. दीड वर्ष होत आलं. वेतनवाढीची थकबाकी एकदम मिळाली, त्या वर्षी शाळेनं एकगठ्ठा आयकर कापला. विमा धरला नाही, सवलत धरली नाही. जास्त कापलं हे आयकरवाल्यांनी स्वतःच मान्य केलं. मान्य केलं आणि झोपले.
बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर गेल्यातच जमा. शिबिरातले डॉक्टर म्हणाले, इथं नको, नागपूरला करा. हे पैसे त्याचसाठी धरलेले. घरात पाऊल टाकलं की बाबा विचारतात, "आलं का रे काई?" हल्ली घरी यायचाच राग येतो.

१९ जुलै
रजा टाकून नागपूर. भिवापूरला एस.टी. पंक्चर. आयकर ऑफिसात खिडकीवरचा बाबू चहा पीत होता. फाईल साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. म्हटलं, मागच्या खेपेसही दौऱ्यावरच होते. "तो क्या दौरा नहीं करेंगे?" वर हसला. कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मारला नाही. मास्तर माणूस! उलट नमस्कार करून आलो, त्याचाच जास्त संताप.

९ सप्टेंबर
आला. रजिस्टरनं. रक्कम बरोबर, नाव जुनं.
ते आडनाव मी इथंही लिहिणार नाही. त्या नावानं हाक मारून आसगावात बाबांना मेलेलं ढोर ओढायला बोलवत. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी घरातले देव टोपलीत घातले, पवनीला आणून वैनगंगेत सोडले, आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहूनच सांगितलं, आजपासून आपण गौतम. राजपत्रात छापून आणलंय. सर्व्हिस बुकात नोंद आहे. आणि हे...

११ सप्टेंबर
शाळेच्या क्लार्कला धरलं. पगाराचा दाखला त्यानंच केला होता. नाव सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावरून उतरवलं. बदलाची नोंद आत आहे, पण पान उलटायचे कष्ट कोण घेणार! मी विवरणपत्रात गौतम लिहिलं होतं, ऑफिसानं दाखल्यावरचं उचललं.
"गुरुजी, एवढे काहून तापून राहिले? पैसे त तुमचेच हायेत ना. जुन्या नावानं सही ठोका न् मोकळे व्हा."
मुख्याध्यापक म्हणाले, मी साक्षांकित करून देतो, कोणाला कळणार? मला कळेल ना! दर महिन्याला पगारपत्रकावर गौतम अशी सही करतो. त्याच पत्रकातून कर कापला. कापताना नाव बरोबर होतं.

१३ सप्टेंबर
राजपत्राची नक्कल जोडून कागद परत पाठवला. बायकोला म्हटलं, सुमन, बाबांना सांग, अजून आलं नाही.
"तुमच्या रागापाई बाबाचे डोरे जातीन."
मी ओरडलो. नको ते बोललो. ती जेवली नाही. मग मीही नाही.

१८ नोव्हेंबर
आयकर ऑफिसचं पाकीट. उभ्या उभ्याच फोडलं. नोटीस! या वर्षीचं विवरणपत्र भरलं नाही म्हणे. भरलंय, पोच कपाटात आहे. पण नाव? श्री. तु. ल. गौतम. अक्षर न् अक्षर बरोबर. नोटीस पाठवायला यांना गौतम सापडतो. पैसे द्यायचे म्हटले की तो दुसरा हवा. हरामखोर.

२५ नोव्हेंबर
बाबा ओसरीतल्या खांबाला धडकले. कपाळ फुटलं. हळद दाबून धरली तर विचारतात, "खांब कोनं सरकवला बे?" सुमन हसली, बाबाही हसले. मला हसू आलं नाही.

२२ जानेवारी ७९
रिफंड परत आला. तारीख नवी, १८ जानेवारी. नाव तेच. सोबत चिठ्ठी: नाव दाखल्याप्रमाणे आहे, दुरुस्ती हवी तर नवा दाखला जोडा. मु.अ. म्हणतात, नवा दाखला ऑडिट झाल्यावर. ऑडिट कधी? ते ऑडिटवाल्यांना माहीत. कागदाची मुदत तीन महिने.

२ एप्रिल
बाबांना नागपूरला दाखवलं. डॉक्टर स्पष्ट बोलले: हा महिना गेला तर उजव्या डोळ्याची आशा सोडा. पतसंस्थेचं घराचं कर्ज फिटायचंय, दुसरं देत नाहीत. सासऱ्यांनी मागेच दिले, आता परत मागायला तोंड नाही.
येताना बाबा खिडकीशी बसले होते. भिवापूर आलं का, उमरेड गेलं का, विचारत होते. उन्हात, दिवसाढवळ्या.

९ एप्रिल
भंडाऱ्याला बँकेत. कॅशियर भला माणूस. "मागं जुन्या नावाची सही करा, खाली हेडमास्तरचा शिक्का आना. मी आत्ता मोजून देतो." भला आहे म्हणून त्याच्यावरही ओरडता आलं नाही.

१४ एप्रिल
जयंती. बाबांचा हात धरून मिरवणुकीत. मध्येच थांबले, "झेंडा निळाच हाये ना रे?" होय म्हणालो. मु.अ.चा शिक्का कालच मारून आणलाय. सहीची जागा कोरी आहे. सुमनलासुद्धा सांगितलं नाही.

१६ एप्रिल
उद्या मुदतीचा शेवटचा दिवस. सुमननं कागद पाहिला आणि बाबांना सांगून टाकलं, आला म्हणून.
बाबांनी धोतराला हात पुसले. "आन इकडं. नाव वाच."
इंग्रजीत टाईप केलेलं. मी वाचलं, "तुळशीराम लहानू गौतम."
"कोन्या जागी लिवलं हाये?"
त्यांचं बोट धरून त्या जुन्या नावावर ठेवलं. बाबांना लिहिता येतं ते एकच नाव, गौतम. म्हातारपणी पाटी घेऊन शिकले, माझ्याकडूनच. बोट फिरवत राहिले. "शेवटी सरकारनंबी गौतम म्हनलं," म्हणाले. "मंग बसून कायले राहिला? उद्या पैली गाडी पकड."
सुमननं चुलीकडे तोंड फिरवलं. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. पेनात शाई भरली आहे. बँक साडेदहाला उघडते.