मस्कत–डब्लिन खर्चाच्या फरकाचा दाखला

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हा सांख्यिकी अधिकारी,
जिल्हा सांख्यिकी कार्यालय, सोलापूर.

अर्जदार : चनमल्लप्पा निंगप्पा कोनापुरे, वय ६६, निवृत्त तोलार, रा. बाळीवेस, सोलापूर (मूळ गाव वळसंग).

विषय : मस्कत व डब्लिन या शहरांतील एका माणसाच्या राहणीखर्चातील फरकाचा सही-शिक्क्यानिशी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : माझी दि. १७ रोजीची समक्ष भेट. त्या वेळी येथे फक्त जिल्ह्याची आकडेवारी असते असे सांगण्यात आले. ते मला पटलेले नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, माझा मुलगा विरेश हा चार वर्षे मस्कत येथे नोकरीस होता व दोन वर्षांपासून डब्लिन येथे आहे. मस्कतहून तो दर जानेवारीत येथील गड्ड्याच्या यात्रेला घरी येत असे. डब्लिनला गेल्यापासून एकदाही आलेला नाही. विचारल्यास, "अप्पा, हितं मस्कतच्या दुप्पट खर्च हाय, तिकिटाला उरतच न्हाय," एवढेच सांगून फोन आईकडे द्यायला सांगतो. मी पस्तीस वर्षे बाजार आवारात पोती तोलली आहेत. सांगितलेले वजन मी आजवर मान्य केलेले नाही.

२. सबब मी दोन संकेतस्थळे तपासली. एक म्हणते डब्लिन दीडपट महाग, दुसरे म्हणते पावणेदोन पट. एकाच मालाची दोन वजने आली की एक काटा खोटा असतो, क्वचित दोन्ही. शिवाय त्यांच्या यादीत अंडी व बिअर आहे, ज्वारीचे पीठ नाही. आमच्या घरात अंडे चालत नाही, म्हणून ते वजा केले. बिअर वजा करताना हात किंचित थांबला, पण तीही वजा केली. तरी हिशेब दुपटीला जात नाही. मुलगा सांगतो तो खर्च एका माणसापेक्षा जास्त आणि चार जणांच्या कुटुंबापेक्षा कमी भरतो. असा माणूस त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

३. दुसरी संशयास्पद बाब कडक भाकरीची. माझी पत्नी शिवम्मा मुलास कडक भाकरी व शेंगाचटणी पाठवते. मस्कतला एका खेपेस साठ भाकरी जात, डब्लिनला शंभर जातात. महागाईत माणूस कमी खातो की जास्त, याचाही खुलासा व्हावा. पत्नीचा जबाब तिच्याच शब्दांत : "थंडीचा मुलूख हाय त्यो, भूक लई लागती की. तुमी बी थंडीत एक भाकरी जास्तच खाता." यातील शेवटचे वाक्य खरे आहे.

४. तथापि गेल्या महिन्यातील खोके मी घरी तोलले तेव्हा नऊ किलो दोनशे ग्रॅम भरले. पत्नी ते रिक्षाने कुरिअरवाल्याकडे घेऊन गेली. पावतीवर नऊ किलो सहाशे पन्नास. "त्येंचा काटा खोटा असंल," असे तिने सांगितले. मी सरकारी शिक्क्याचे दोन किलोचे वजन पिशवीत घालून गेलो व त्यांचा काटा तपासला. काटा खरा निघाला. रस्त्यात साडेचारशे ग्रॅम कुठून आले, याचा हिशेब लागत नाही.

५. वरील मजकूर काल लिहिला. खाडाखोड मला मान्य नसल्याने तो तसाच ठेवतो. आज सकाळी अर्जास जोडण्यासाठी पावत्या शोधताना पत्नीच्या डब्यात कापड दुकानाची पावती सापडली : झबली तीन, कुंची एक, दुपटे एक. मी ती तिच्यासमोर ठेवली. ती आधी रडली व मग म्हणाली, "मस्कतच्या त्या नर्सबाईशी लगीन करू का, आसं त्यानं इचारलं तवा तुमीच म्हनला हुता, ती घरात आली तर मी घराभाईर. मग कुन्या तोंडानं सांगू? त्येंचं लगीन झालंय, सा म्हैन्याची नात हाय तुमाला. नाव बसव्वा ठिवलंय. आता घाला काट्यावर."

६. बसव्वा हे माझ्या आईचे नाव आहे. तेव्हा मस्कतच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या, केरळच्या, आमच्या समाजाबाहेरच्या मुलीने ते आपल्या लेकीला ठेवू दिले. मी ते वाक्य बोललो होतो, हे खरे आहे. सगळ्या खेपा तोलल्या, ते वाक्य तेवढे तोलले नाही. मला फार वाईट वाटते, हे येथे नमूद करतो.

७. सबब मूळ मागणी मागे घेत आहे. दोन शहरांत फरक असो वा नसो, तीन माणसांचा खर्च बरोबर जुळतो. मुलगा आकड्यात खोटे बोललेला नाही. आता विनंती एवढीच की, खालील मजकुराची नोंद घ्यावी :

"जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या काळात विरेश, त्याची पत्नी व बसव्वा घरी आल्यास, चनमल्लप्पा कोनापुरे हे घरातच राहतील. बाहेर जाणार नाहीत."

या अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा पोचेचा गोल शिक्का मारून मिळावा. ती प्रत डब्लिनला पाठवायची आहे. मुलगा माझ्यावरच गेला आहे, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

आपला नम्र, व शिक्क्यासाठी बाकावर थांबलेला,

(सही)
च. निं. कोनापुरे

सोबत :
१) दोन्ही संकेतस्थळांच्या छापील प्रती (आता गरज नाही, तरी ठेवून घ्याव्यात)
२) कुरिअरची पावती
३) कापड दुकानाच्या पावतीची झेरॉक्स. मूळ पावती देता येणार नाही, ती मी माझ्याजवळ ठेवली आहे.