डाव्या गालावरची जखम

प्रिय वहीवाली,

अक्षर ओळखलंस ना? मी पावडर, तुमचा मेकअपवाला. बावीस वर्षांनी लिहितोय. एक कबुली द्यायची आहे, आणि ती वाचून तू माझं तोंडही बघणार नाहीस अशी भीती वाटते. म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं. माझी ही खोड तुला ठाऊकच आहे.

परवा आपली मालिका आठवून एकटाच हसत बसलो. म्हणे शहरातलं सर्वांत जांबाज पोलीस पथक! चार अधिकारी आणि वॉकीटॉकी एकच, तीही खेळण्यातली. चिलखतांत स्पंज. जीपचं दार लागायचं नाही, म्हणून पाठलागात पथकाचे साहेब एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने पिस्तूल रोखायचे. ज्यांना पाहून पडद्यावर गुंड चळचळा कापायचे, ते साहेब सेटवरच्या मांजरीला घाबरून खुर्चीवर चढायचे. आणि तू आपली गंभीरपणे वहीत टिपत असायचीस: घड्याळ डाव्या हातात, वरचं बटण उघडं, कपात चहा अर्धा. दृश्यं कितीही उलटसुलट क्रमाने चित्रित होवोत, तुझ्या वहीमुळे कधी कपातला चहा वाढला नाही. अकराव्या भागानंतर मालिकेनेच गाशा गुंडाळला. पुढे मोठमोठ्या मालिका केल्या मी, पण तसे दिवस पुन्हा लाभले नाहीत.

आता सांगूनच टाकतो. सहाव्या भागात साहेबांच्या गालावर चाकूची जखम होती. पहिल्या दिवशी मी ती सेटवर त्यांच्या समोर उभा राहून केली; त्यांचा डावा गाल म्हणजे माझी उजवी बाजू. दुसऱ्या दिवशी तुझी आई इस्पितळात होती. मीच म्हणालो, जा तू, मी बघतो, आणि वही ठेवून घेतली. ती उघडलीसुद्धा नाही. मोठा आलो होतो शहाणा! त्या दिवशी साहेब आरशासमोर बसले होते आणि मी त्यांच्या मागे. हात सवयीने माझ्या उजव्या बाजूलाच गेला, आणि डाव्या गालावरची जखम उजव्या गालावर आली. भाग दाखवला गेला तेव्हा लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. दिग्दर्शकाने तुझ्यादेखत मला विचारलं, वहीत काय लिहिलंय? मी वही उघडली. तुझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, डावा गाल. मी वाचलं, उजवा.

काम जाईल म्हणून घाबरलो गं. काढलं तुला. तू वही बघायलाही मागितली नाहीस. आईच्या काळजीत आपल्याच हातून चूक झाली असं धरून चाललीस. जाताना उलट माझीच समजूत काढलीस. त्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तुझी लेक स्टुडिओत भेटली. तिला एका मालिकेत तुझंच काम मिळतंय, पण तू नको म्हणतेस. ‘माझी नजर कच्ची निघाली, तूही तोंडघशी पडशील,’ असं म्हणालीस म्हणे तिला. ते ऐकलं म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुझी नजर कच्ची नव्हती, कधीच नव्हती. चुकलो मी, आणि खोटंही मीच बोललो. पोरीला सोमवारपर्यंत कळवायचं आहे. मला शिव्या घालायला पुढे सगळं आयुष्य पडलंय. आधी तिला हो म्हण.

तुझाच,
पावडर