हाटकेशची गिरणी चालू ठेवण्याबाबत

मी, आत्माराम सखाराम मांडवकर, वय एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार बेव्हर्ली पार्क, मिरा रोड, मूळ गाव लांजे, जिल्हा रत्नागिरी, आज दिवाळीच्या पाडव्याला, फराळ पचवून, पूर्ण शुद्धीत हे लिहितो. कुणाचा दबाव नाही. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण तिचा दबाव या कागदापुरता धरलेला नाही. डोळ्यांना चष्मा लागतो, कानांना काही लागत नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण या मृत्युपत्राचं निमित्त माझे कानच आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खालील मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलोपार्जित म्हणाल तर फक्त मोठा आवाज.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नी उर्मिला हिचं, तिच्यानंतर मुलगा यतीन याचं. ती हयात असेपर्यंत हॉलमधला झोपाळा काढू नये. तो करकरतो, अशी यतीनची तक्रार आहे. करकरला म्हणजे आई घरात आहे, एवढं त्याने समजावं.

२. बँकेतल्या ठेवी उर्मिलाला. पाडव्याची ओवाळणी म्हणून हे कलम तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावरची ओवाळणी घेऊन काय करू? आत्ता साडी काढा." साडी वेगळी दिली आहे. तिचा या कागदाशी संबंध नाही.

३. गिरणी. इथे जरा सविस्तर लिहितो.

भाईंदरला दुसऱ्याच्या गिरणीत पोती वाहता वाहता मी दगड ऐकायला शिकलो आणि मग हाटकेशला स्वतःचा गाळा घेतला. शेजारी जितेंद्रचं ड्रायफ्रूटचं दुकान. तो दर दिवाळीला यायचा, "अण्णा, अब आटा पैकेट में आता है. बीच की दीवार तोड़ देते हैं ना!" यंदा मी थकलो होतो. हा सीझन काढायचा आणि गाळा त्याला द्यायचा, असं मी आणि यतीनने ठरवूनही टाकलं होतं.

शेवटची दिवाळी जोरात जावी म्हणून यतीनने दसऱ्यालाच फ्लेक्स लावला. म्हणाला, "बाबा, धंद्याला चेहरा लागतो." चेहरा माझा, त्याखाली दोन समया, त्याखाली 'दीपावलीच्या शुभेच्छा. चकलीची भाजणी दळून मिळेल.' पूजेचा झेंडूचा हार उरला होता. वाया कशाला, म्हणून तोही त्याने फ्लेक्सवर चढवला. दुसऱ्या सकाळी जितेंद्रच्या खोक्यांची थप्पी नेमकी शुभेच्छांच्या ओळीपुढे लागली. राहिलं काय? मी, हार आणि दोन समया.

त्यात गिरणी बंद. दसऱ्याला चक्कीची पूजा आणि दुसऱ्या दिवशी दगड उघडून त्याला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने नव्या खाचा पाडायच्या, ही आमची रीत. शटर अर्धं खाली ओढून मी आत बसलो होतो. चहासाठी हात थांबवला, तेवढ्यात बाहेरून वरसाव्याच्या शालूबाईंचा आवाज आला.

"आगं बाय! अण्णा गेलं? परवाच तं माझ्याशी बोललं!"

कुणीतरी हळहळलं, "भाजणी भाजणीवरच दळायचे हो. गव्हावर कधीच नाही."

"आता आमचा तांदलाचा पीठ कोन देल?" शालूबाई रडायलाच लागल्या. "पाकिटातल्या पिठाची भाकर थापतानाच फाटते."

मी बाहेर पडायला हवं होतं. पण आपल्या माघारी आपल्याबद्दल बरं बोललं जात असताना मधेच कोण उठेल? जितेंद्रच्या दुकानातली गाणी बंद झाली. तो म्हणाला, "अच्छा आदमी था." मग, "यतीनभाई से गाले की बात करनी पड़ेगी."

तेवढ्यात डबा घेऊन माझी सून रसिका आली. तिचं हसू मला आत ऐकू आलं. पण पुढचं वाक्य हसण्यावारी नव्हतं. "जितेंद्रभाई, बाबा अंदर बैठे हैं. और नहीं होते ना, तो भी गाला नहीं मिलता. मैं चलाती."

पिठाने पांढराफटक मी शटरखालून बाहेर आलो. शालूबाईंची किंकाळी हायवेपर्यंत गेली असावी.

रसिका दोन वर्षं दुपारची गिरणीत बसते. दगडाचा आवाज जड झाला की "काकू, डाळ ओलसर आहे, परत भाजून आणा," हे माझ्याआधी ती सांगते. यतीनला विचारलं तर म्हणाला, "तिला गिरणी हवीय, मला कुठे माहीत!" मलाही नव्हतं. आम्ही बाप-लेकांनी तिला विचारलंच नव्हतं. संध्याकाळी तिने सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला: 'अण्णा ठणठणीत आहेत. दगडाला ताजी टाकी लावली आहे. भाजणी घेऊन या, अण्णांना बघूनही जा.' डब्यांची रांग जितेंद्रच्या पायरीपर्यंत गेली. त्याने खोकी स्वतःच उचलली.

सबब गाळा, दोन्ही चक्क्या, मोटर आणि गिरणीचं नाव सौ. रसिका यतीन मांडवकर हिला, तिच्या एकटीच्या नावे. यतीनवर राग नाही. त्याला पिठाने शिंका येतात, हे खरं आहे.

४. टाकी आणि हातोडी रसिकालाच. दिवाळीत एक चक्की फक्त भाजणीची ठेवावी. दसऱ्यानंतरचा टाकीचा दिवस कधी चुकवू नये. सीझनच्या तोंडावर एक दिवस मशीन बंद करून आत बसावं, बाहेर लोक काय बोलतात ते ऐकावं. जाहिरातीत काय लिहायचं ते तिथेच कळतं.

५. जितेंद्रला काही नाही. त्याच्या स्पीकरबद्दलचा जुना राग मात्र मी सोडतो. माझ्यासाठी त्याने तो बंद केला, हेही या कानांनी ऐकलंय.

६. फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. मी गेल्यावर नवा छापू नये. हाच लावावा, हारही घालावा. फक्त शुभेच्छांच्या ओळीवर कागद चिकटवून रसिकाने तिच्या अक्षरात लिहावं: 'या वेळी खरंच. गिरणी चालू आहे.'

हे सर्व मी वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

(सही) आत्माराम सखाराम मांडवकर

साक्षीदार:
१. (सही) शालू हरिश्चंद्र पाटील, वरसावे. सही करण्याआधी त्यांनी मला चिमटा काढून पाहिला.
२. (सही) जितेंद्र शहा, हाटकेश. वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळत नाही असा साक्षीदार बघा. मला दुसरं नाव सुचलंच नाही.

स्थळ: मिरा रोड
दिनांक: २२ ऑक्टोबर २०२५, बलिप्रतिपदा